प्रमाण मनगट

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, कसबा पेठेतल्या राहत्या घरी, माझ्या चुलत सासऱ्यांच्या वस्तऱ्याने माझ्या डाव्या मनगटावर ओरखडा काढला. जखम किरकोळ होती. हळद लावण्यात आली. घटनेच्या वेळी काकू आणि त्यांची मुलगी हजर होत्या. वस्तऱ्याला उत्तम धार होती, याबद्दल कोणाचेही दुमत नाही.

धारेच्या बाबतीत काकांइतका कठोर परीक्षक पुण्यात दुसरा नाही. त्यांच्या मते या शहरात खरी धार दोनच वस्तूंना होती. एक त्यांचा वस्तरा आणि दुसरी त्यांच्या आईची विळी. पैकी विळी धाकट्या बहिणीने सासरी नेली आणि भोपळे फोडून तिची वाट लावली. बाकी सगळे, म्हणजे सलूनवाल्यांची पाती, डॉक्टरांच्या सुऱ्या आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख, त्यांच्या लेखी बोथट. मी वर्तमानपत्रात नोकरीला आहे हे ठाऊक असल्यामुळे तिसरे उदाहरण ते माझ्याकडे पाहून देत.

काका वजनमापे निरीक्षक होते. नोकरीची सगळी वर्षे दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली आणि निवृत्तीने त्यात फारसा फरक पडला नाही. मंडईत आजही ते भाजीआधी काटा पाहतात. "काका, मेथी घेताय का काटा?" असे एका भाजीवालीने त्यांना एकदा विचारले होते. "आधी काटा. तो बरोबर असेल तर मेथी," काका म्हणाले. त्या दिवशी घरी मेथी आली नाही. अशा माणसाला एक गोष्ट कायम सलत राहिली, ती म्हणजे धारेला एकक नाही. वजनाला किलो आहे, लांबीला मीटर आहे. धार मात्र लोक अंगठा लावून ठरवतात. "अंगठा दस्तऐवजावर लावायचा असतो," ते म्हणत, "धारेवर नाही."

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती. दगड पाण्यात भिजवायचा. पाते त्यावर आडवे टेकवून, पाठ जराही न उचलता, धार पुढे ठेवून न्यायचे आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच पालटायचे. मग चामड्याच्या पट्ट्यावर हेच उलट, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. हे चालू असताना काकूंनी कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीने लक्ष विचलित होते. रविवारी त्यांच्याकडे जेवायला उशीर का होतो, याचे कारण नव्या पाहुण्यांना बराच काळ कळत नसे. शेवटी चाचणी. पाते मनगटाच्या वर, कातडीला न टेकवता, अधांतरी फिरवायचे. केस वरच्यावर तुटून पडला तर धार पास. नुसता वाकला तर नापास, पुन्हा दगड.

अडचण केसांची होती. काकांच्या मनगटावरचे केस वयाने पांढरे आणि मऊ झाले होते, आणि असा केस पुरावा म्हणून चालत नाही, असा त्यांनी स्वतःच निकाल दिला. मग घरी येणाऱ्यांची मनगटे तपासली गेली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा, आयटीतला अमरावतीचा तरुण पहिल्याच फेरीत बाद झाला. "तुमच्याकडचा केस राठ. त्यावर ठरवलं तर धारेवर अन्याय होईल," काका त्याला म्हणाले. तो मनाने फार चांगला मुलगा. म्हणाला, "मंग ट्रिमर बोलावून देऊ का काका, ऑनलाइन? एवढं घासत काहून बसता जी?" काका म्हणाले, "ट्रिमर गवताला लावतात. मी हिरवळ आहे का?" त्यानंतर माझा नंबर लागला. खिडकीशी नेऊन त्यांनी माझा डावा हात उजेडात धरला. "जावईबापू, तुमचा केस अगदी सरासरी आहे. राठ नाही, मऊ नाही. काहीही विशेष नाही." सासरच्या मंडळींत माझी याहून अधिक स्तुती कोणी केलेली नाही. माझे मनगट प्रमाण ठरले. इतर जावयांना त्या घरात श्रीखंड मिळते. मला बाही वर करायला सांगत आणि चाचणीनंतर चहा देत. कचेरीत त्या गुळगुळीत मनगटाबद्दल चौकशा होऊ लागल्या, तेव्हा मी रुंद पट्ट्याचे घड्याळ घेतले.

गेल्या गणपतीनंतर काकांच्या हनुवटीवर कापसाचे बोळे दिसू लागले. आधी एखादा, मग रोज. त्यांची मुलगी पाषाणला राहते. ती म्हणाली, "बाबा, तुमचा हात थरथरतो. वस्तरा माझ्याकडे द्या." काका म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. धार उतरली आहे. बोथट वस्तराच कापतो." तत्त्व बरोबर होते. धार गेली की पाते अडखळते आणि कातडीला लागते. तेव्हा त्यांनी धार वाढवायला घेतली. आठवड्याचे काम रोजचे झाले, दगडाला मधोमध खळगा पडू लागला आणि काकूंचा कुकर जवळजवळ बंद झाला. दर रविवारी माझे मनगट धार उत्तम असल्याची साक्ष देत होते आणि दर रविवारी हनुवटीवर नवा बोळा असे. दिवाळीनंतर एक बोळा मानेवर दिसला.

"आता बास," मुलगी म्हणाली. "उद्या खोल लागलं तर आई एकटी काय करणार आहे?"

"तपासणी होऊ दे," काका म्हणाले. "धार नापास झाली, तर दोष धारेचा. वस्तरा इथेच राहील."

"आणि पास झाली तर?"

काका चामड्याचा पट्टा गुंडाळू लागले. "तर दोष हाताचा," तीच म्हणाली.

रविवार ठरला. वस्तरा घरात राहायचा असेल तर त्या दिवशी धार बोथट ठरणे भाग होते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होते. काकांनी दगड भिजवला. पाते दोन्ही बाजूंनी सावकाश, नेहमीसारखेच लावले. पट्ट्यावरही नेहमीसारखेच फिरवले. कमी लावले असते तरी कोणाच्या लक्षात आले नसते. मग ते म्हणाले, "हात द्या, जावईबापू."

केस वरच्यावर तुटून पडले. पाते पुढे सरकले आणि कातडीला लागले. बारीक लाल रेघ उमटली. यापूर्वीच्या एकाही चाचणीत असे झाले नव्हते. काकू हळद आणायला उठल्या. काकांनी माझे मनगट खिडकीशी नेले आणि रेघ निरखून पाहिली.

"वजन बरोबर आहे," ते म्हणाले. "काटा स्थिर राहत नाही. असल्या तराजूवर मी कधी शिक्का मारला नाही."

त्यांनी पाते पुसले, तेलाचा हात फिरवला, वस्तरा मिटला आणि मुलीच्या हातात दिला. "कोरडा ठेव. आणि त्याने पेन्सिली तासू नकोस."

"नाही तासणार, बाबा," ती म्हणाली.

हल्ली रविवारी सकाळी अमरावतीचा तरुण ट्रिमर घेऊन खाली येतो. "झालं का गवत कापून?" काका अधूनमधून विचारतात. "झालंच जी," तो म्हणतो. कुकर वेळेवर लागतो. दगड मोरीच्या कोनाड्यात कोरडा आहे.

मार्चमध्ये मी गेलो, तेव्हा खुर्चीवर बसता बसता सवयीने डावी बाही दुमडली. काकांनी मनगटाकडे पाहिले. हात उजेडात धरला नाही.

"बाही खाली करा, जावईबापू," ते म्हणाले. "आज तपासणी नाही."

मी बाही खाली केली. काकूंनी श्रीखंड आणले. माझ्या डाव्या मनगटावरचे केस आता पूर्ण वाढले आहेत.