बाबांच्या रायफलीचे स्क्रू

२०२३ साल. मला चौसष्टावं चालू होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली निम्मी म्हशींमागे गेली. पण कुठल्या कामाला हात लावला आणि अर्धवट सोडलं, असं कोणी दाखवून द्यावं. अल थुमामात एका कतारी घरी मी गाडी चालवत होतो आणि नळ, एसी, फाटक, जे बिघडेल ते बघत होतो. घरातल्या म्हाताऱ्या मालकांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणायचो.

थंडीत ही माणसं वाळवंटात तंबू ठोकतात. त्या वर्षी थोरल्या मुलाने ठरवलं, बाबांनी घरीच राहायचं. नजर अधू झालीय, दिवसभर त्यांच्याजवळ थांबणार कोण? बाबांनी यावर मोठ्या काचेची नवी दुर्बीण मागवली. ती आपल्या जुन्या रायफलीवर बसवायची आणि आपल्याला अजून दिसतं हे मुलाला दाखवायचं, असा त्यांचा बेत. निघायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी शुक्रवार, इथला सुट्टीचा वार, म्हणून बंदुकीचं दुकान बंद, आणि रायफलीवरची जुनी दुर्बीण काही निघेना.

बैठकीच्या खोलीत गालिच्यावर चादर अंथरली. बाबांनी आत गोळी नाही हे मला दाखवलं, गोळी आत सरकवायचा बोल्ट काढून खिशात घातला. मी स्क्रूच्या षटकोनी खाचेत ॲलन की लावली. स्क्रू ढिम्म. इथे समुद्राची हवा, बिजागरीपासून एसीच्या नटापर्यंत सगळं गंजतं. म्हणून मी तेल सोडलं, लाकडी हातोडीने हलके ठोके दिले आणि थांबलो. माझी उभी हयात याच रीतीवर गेली.

बाबा म्हणाले, हा गंज नव्हे, दुकानदाराने डिंक लावलाय. आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी. मी म्हटलं, डिंक पाकिटाला लावतात, बाबा. आणि आणखी तेल सोडलं.

तेल फुकट गेलं. तेवढ्यात थोरला दारात आला. तो लहान असताना मी त्याला शाळेत सोडत असे, म्हणून तो मला चाचा म्हणतो.

"खलास, आता सोडा ते, चाचा. रविवारी दुकानात देऊ."

आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. कॉफी पुरे झाली की इथे कप जरासा हलवून दाखवतात. बाबांनी कप हलवलाही नाही, पुढेही केला नाही. रिकामाच धरून बसले.

मी पुन्हा की लावली. सगळ्यात धाकटा स्क्रू केसभर सरला आणि आट्यातून तांबडा भुगा निघाला. नखाने चुरला तर गंजासारखा मऊ नव्हता, कडक होता. आमच्याकडे विळ्याची मूठ लाख भरून बसवतात आणि काढायची झाली की शेक देतात.

"डिंक नाही, लाख आहे," मी म्हटलं.

"लाख म्हण. पण काढ," बाबा म्हणाले.

ऊद जाळायच्या निखाऱ्यांत मी जाडजूड खिळा लालसर केला. नळीभोवती ओला फडका गुंडाळला. खिळा पकडीने स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरला, मग चटकन की. कुरकुरत फिरला. एकेक तसाच काढला. शेवटच्याची खाच झिजली होती, की आत गरगरायला लागली.

"तुटला तर?" बाबांनी विचारलं.

"तर दोघंही घरी बसू."

एक नंबर मोठी की ठोकून बसवली, पुन्हा शेक दिला. सगळा भार मनगटावर घेतला. तो आला.

नवी दुर्बीण बसवायच्या आधी बाबांनी ती हातात घेऊन दारातून बाहेर पाहिलं आणि मुलाला म्हणाले, समोरच्या भिंतीवर मांजर आहे, कान फाटलेलं. मुलगा बाहेर जाऊन बघून आला.

"दिसतं, कबूल," तो म्हणाला. "पण थांबणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

"चाचा, तुम्हालाच सांभाळायला एक माणूस लागेल."

बाबा हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठी गाडी फाटकाशी लावली, बाबांची घडीची खुर्ची मागे टाकली, त्यांना हात धरून पुढे बसवलं आणि मी स्टिअरिंगवर बसलो. "चाचा, मी चालवतो," म्हणत थोरला खिडकीशी गाडीची किल्ली मागत होता. मी गाडी चालू केली.