डावा गुडघा
पेन स्प्रेचा तो झणझणीत वास आला की मला कांदिवलीच्या मैदानावरची कबड्डीची फायनल आठवते. समोरच्यांची रेडर जबरदस्त होती. चढाईला आली की आमची एखादी तरी बाद करूनच परतायची. मध्यंतरात सर आम्हाला एवढंच म्हणाले, "तिच्या तोंडाकडे बघू नका. सगळ्यांनी फक्त डावा गुडघा बघायचा." "काय झालंय सर तिच्या गुडघ्याला?" "काही नाही गं. बघत राहा." पुढच्या चढाईला आम्ही सगळ्या तिच्या गुडघ्यावर डोळे रोखून उभ्या. ती आत आली, जरा गडबडली आणि तिनेही खाली पाहिलं. तेवढ्यात मी तिचा घोटा धरला. मग ती दर चढाईआधी त्या धडधाकट गुडघ्यावर स्प्रे मारत राहिली आणि फायनल आम्ही मारली. आता मी स्वतः मुलींना शिकवते. परवा मुलुंडच्या मॅचमध्ये माझी रेडर वैतागून म्हणाली, "ताई, त्या सगळ्या माझ्या घोट्याकडे काय बघतायत?" मी त्यांच्या कोचकडे पाहिलं. त्या फायनलमधली रेडरच होती ती, गालात हसत होती. मीही हसले आणि पोरीला म्हटलं, "सगळ्या खाली बघतायत ना? मग वरून हात मार, जा."