पोकळ चिंच

म्हाळूकाका कुणाकडे गेले की दार वाजवायचे. पण ते उघडावं म्हणून नव्हे. बोटाचं पेर लाकडावर मारून कान द्यायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दार सताड उघडं होतं, तरी वाजवलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, हे लाकूड नाय. भुसा चिकटवलाय. पाव्हण्यांना हळू ढकलायला सांगा."

छावणीत त्यांचं मटणाचं दुकान होतं. मूळचे कन्नड तालुक्यातले धनगर. भावकी अजून शेळ्या राखते. दुकानात मटण तोडायला वडिलांच्या वेळचा चिंचेचा ओंडा. घाव बसून बसून त्याच्या मधोमध खळगा पडलेला. दुकान बंद करताना काका ओंडा खरवडायचे, मीठ चोळायचे आणि भाषण द्यायचे.

"सागवानाचं लई कौतुक करत्यात लोकं. रेषा सरळ, घाव घातला की चिरतंय. चिंचेच्या रेषा एकमेकीत गुंतलेल्या, भावकीवानी. सुटतच नाय. म्हणून मटणात कधी कुसळ नाय. तेलाचा घाणा चिंचेचा, उखळ चिंचेचं. पण आतलं काळं लाकूड पायजे. भाईरचं पांढरं किडे खात्यात."

माझं डोकं फिरायचं. आमच्या झाडं वाचवणाऱ्या गटाच्या पत्रकांत 'लाकूड' हा शब्द आरोपासारखा येतो. "काका, जिवंत झाडात तुम्हाला ओंडे दिसतात?"

"आन् तुला बकऱ्यात काय दिसतं? रस्सा वरपताना कधी इचारलं नाय, लीडर!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी चिंच आहे. तिच्यामागच्या प्लॉटच्या मालकाला नेमकं तिथंच फाटक हवं होतं. एका लाकूडवाल्याशी त्याचा सौदा ठरला : तोडणं फुकट, लाकूड तोडणाऱ्याचं. आम्ही पत्रकं वाटली, अर्ज केले, घोषणा दिल्या. मालक चहा पीत ऐकत बसला. आणि काका? काकांनी लाकूडवाल्याकडे बुंध्याची एक चकती मागून ठेवली! भर गिऱ्हाइकांत मी त्यांना फितूर म्हणाले.

"खळगा बघ की," ते शांतपणे म्हणाले. "मला दुसरा ओंडा लागतोच."

करवत आली त्या सकाळी मी बुंध्याला टेकून बसले होते. काका सत्तूर घेऊनच आले. लाकूडवाला खुशीत होता. "या काका, तुमची चकती कुठून काढू?"

काकांनी झाडाभोवती फेरी मारली. एका जागी साल सुटलेली होती, तिथं सत्तुराची पाठ हाणली. धप्प. पुन्हा हाणली. धप्प.

"मला नको," ते म्हणाले. "आत नुसता भुसा हाय. फुकट दिला तरी नको."

लाकूडवाल्याचं तोंड उतरलं. ज्याला ओंड्याची एवढी गरज तोच नको म्हणतोय, मग तपासायचं काय? त्यानं मालकाकडे तोडणावळ मागितली. पैसे मोजण्यापेक्षा मालकानं फाटकाची जागाच पलीकडे सरकवली.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "खरंच पोकळ आहे?"

काकांनी दुसऱ्या बाजूला पेर मारलं. ठण्ण! "लोखंड हाय, लोखंड! असला ओंडा पुन्यांदा भेटायचा नाय."

"मग खोटं का बोललात?"

"तू खरंच बोलत होतीस की. ऐकलं का कुणी?" मग बुंध्यावर हात फिरवत म्हणाले, "आमच्या बापानं पडलेल्या झाडाचा ओंडा आणला व्हता. उभं झाड आडवं होताना बघवना मला."

पुढं त्यांनी तोच जुना ओंडा खाली पाचर ठोकून चालवला. तुकडे लहानमोठे व्हायचे, कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "त्या लीडरला जाऊन सांगा." शेवटी गुडघे थकले तसं दुकान बंद करून ते कन्नडला आपल्या शेळ्यांत गेले. ओंडा चिंचेखाली ठेवला. जीपमध्ये बसण्याआधी झाड दोन्हीकडे वाजवून दाखवलं, आधी धप्प, मग ठण्ण. "ही जागा लोकांची, ही आपली. इसरू नको."

परवा तोच लाकूडवाला गाडी थांबवून विचारत होता, "काय ताई, ती पोकळ चिंच पडली नाही अजून?"

मी ओंड्यावर बसले होते. पत्रकात मी एक शब्द खोटा छापत नाही. उठले, सुटलेल्या सालीवर पेर मारलं. धप्प.

"पडेल की," म्हणाले, आणि पुन्हा बसले.