कॉन्रॅड भावजींचा तांबडा दिवा

माझे मोठे दीर कॉन्रॅड भावजी पापडीत राहून आसपासच्या वाड्यांमधले पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. पंप बंद पडला की लोकांना घाई. केळी सुकतात, पानवेल माना टाकते. पण भावजी गेले की पान्याला लगेच हात लावायचे नाहीत. ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि विचारायचे, "बंद पडायच्या आधी याला शेवटचा हात कोणी लावला?" घरातला एखादा चुळबुळ करायला लागला की भावजी त्याच्याकडे बघून हसायचे. निम्मी दुरुस्ती तिथेच व्हायची.

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी सून म्हणून आले तेव्हा विचारायची सोय नव्हती, आणि पुढे विचारावंसं वाटलं नाही. घरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझे यजमान पीटर, मी आणि भावजी. एवढ्यात त्यांचं भागत होतं.

त्यांनी जुनी फियाट घेतली ती आईंसाठी. आई घसरून पडल्या तेव्हापासून त्यांची कंबर अधू झाली होती. एस. टी.ची पायरी त्यांना चढवत नव्हती, टांग्याच्या दणक्यांनी त्या चार दिवस अंथरुणाला खिळायच्या. त्यांची एकच बहीण उरली होती, नंदाखालची क्लारा मावशी. त्या वर्षी क्लारा मावशीने अंथरूण धरलं. तिकडून निरोप यायचे, "पेज दिली तर तोंड फिरवते. सारखी ताईला बोलवा म्हणते." निरोप आला की आई मधल्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या खुरिसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, उभ्या राहायच्या.

वांद्र्याच्या एका डॉक्टरीणबाई गाडी विकायला काढणार आहेत असं भावजींना कळलं. शनिवारी ते आणि पीटर जाऊन घोडबंदरवरून गाडी घेऊन आले. राखाडी रंगाची, एका दाराला पोचा आलेली. रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी प्रार्थना म्हणून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. अर्धा गाव गोळा झाला होता. भावजींनी बॉनेट उघडून सगळ्यांना इंजिन दाखवलं. एरवी चार शब्दांत आटपणारा माणूस, त्या दिवशी थांबेचना. "ही बॅटरी. हा डायनामो. आणि हे इथे, हात घालून बघा, ही इंजिनाची नाडी. तेलाचा दाब इथे कळतो. दाब पडला की समोर तांबडा दिवा लागतो. मग गाडी पुढे न्यायची नाही, नाहीतर इंजिन जळालंच."

दुपारी नंदाखालला जायचं ठरलं. आईंनी पेटीतलं लुगडं नेसलं. मांडीवर सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, पुडी घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या, मी शेजारी. भावजींनी चावी फिरवली. समोर दोन बारीक तांबडे दिवे लागले. इंजिन सुरू झालं, डायनामोचा दिवा गेला. तेलाचा गेला नाही.

भावजींनी लगेच इंजिन बंद केलं. परत सुरू केलं. दिवा तसाच. परत बंद.

"काय झालं रे?" आईंनी विचारलं.

"तेलाचा दिवा राहतोय. काल येताना जात होता."

"देवळात आल्तारापुढे तांबडा दिवा असतो, तो विझला की आपण घाबरतो. तुझ्या गाडीत लागला की घाबरायचं?"

"हो आई. इथे उलटं."

त्यांनी तेलाची सळई काढून पुसली, पुन्हा घालून बघितली. तेल पुरेसं होतं. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळपासून गाडीला हात कोणी लावला?" पीटर म्हणाले, नाही. मी म्हटलं, नाही. आई म्हणाल्या, "मी कशाला हात लावू बाबा तुझ्या गाडीला?"

आईंना धरून खाली उतरवलं. त्यांनी लुगडं बदललं नाही, तशाच ओट्यावर बसून राहिल्या. पुडीही मांडीवरच.

संध्याकाळी शेजारचा फेबियन आला. तो लॉरी चालवायचा, त्यामुळे चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा हक्क. "तेलाचा पंप गेला," त्याने लांबूनच सांगितलं. "इंजिन खाली उतरवायला लागेल. डॉक्टरीणबाईने तुला बरोबर गिऱ्हाईक केलं, कॉन्रॅड."

"बघतो," भावजी म्हणाले.

"बघतो काय? नाहीतर तो बल्बच काढून टाक ना! दिवा नाही, तर भीती नाही. माझ्या लॉरीत एक दिवा लागत नाही, बघ कशी पळते."

"तुझ्या लॉरीत माझी आई बसत नाही," भावजी म्हणाले.

सोमवारी त्यांनी तेल काढून नवं भरलं. दिवा राहिला. मंगळवारी नंदाखालहून निरोप आला की मावशीला ताप आहे. त्या रात्री माळेच्या प्रार्थनेला आईंचा आवाज निघेना, माळेचे शेवटचे मणी आम्हीच पुरे केले. भावजी उठून पडवीत गेले. मी पाणी द्यायला गेले तर गाडीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "वहिनी, लोकांचे पंप मी ऐकून ओळखतो. हिचा आवाज चांगला आहे हो. कुठे खरखर नाही, कुठे ठोका नाही. आवाज चांगला आणि दिवा वाईट. आता कोणाचं खरं मानायचं?"

"दोन्ही खरं असेल तर?" मी सहज म्हटलं. मला गाडीतलं काय कळतंय! पण त्यांनी पटल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाडीवर गेलेच नाहीत. पीटरना चावीवर बसवलं आणि स्वतः बॉनेटखाली वाकले. नाडीवर जी वायर येते ती त्यांनी चाचपून उपटली. "दिवा?"

"गेला," पीटर आतून ओरडले.

"म्हणजे वायर चांगली आहे. खोट या टोकाला." त्यांनी परत हात घातला. "इथे काहीतरी चपटं लागतंय. वायसर असेल. वहिनी, माझा दाढीचा आरसा द्या जरा."

मी आरसा आणला. त्यांनी तो नळ्यांच्या मधून खाली धरला आणि हातबॅटरीचा उजेड पाडला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"मारियामाता," भावजी म्हणाले.

मी वाकून पाहिलं. आरशात खरंच मारियामाता होती. लहानसं पितळी पदक, हार बांधायच्या बारीक तारेने नाडीच्या गळ्याशी घट्ट बांधलेलं. आमच्याकडे घराच्या पायात पदक पुरतात, होडीला बांधतात, विहिरीच्या रहाटालाही. गाडीला बांधू नये असं कुठे लिहिलंय? पण पदक धातूचं. एका बाजूने ते वायरीच्या टोकाला टेकलं होतं, दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या अंगाला. दाब पडल्यावर आत वायर इंजिनाला जोडली जाऊन दिवा लागायचा, ते काम पदकाने बाहेरूनच करून ठेवलं होतं. तेल बिचारं व्यवस्थित फिरत होतं.

भावजींनी पदक सोडवलं, वायर जागेवर लावली. "मार चावी." दोन दिवे लागले, इंजिन सुरू झालं, दोन्ही गेले. पीटर आत बसून टाळ्या वाजवायला लागले.

आई दारात आल्या होत्या. भावजींच्या तळव्यावरचं पदक बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आई, तू म्हणालीस गाडीला हात लावला नाही."

"मी कुठे लावला?" आई म्हणाल्या. "मी मारियामातेला हात ठेवायला सांगितलं. तुम्ही जेवून पडला होता तेव्हा. तूच दाखवलंस ना सगळ्यांना, ही नाडी म्हणून? म्हटलं, राखायचं तर तिथेच राखावं." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे माझ्यामुळेच माझी बहीण तिकडे वाट बघत पडली?"

मी जवळ जायला निघाले, पण भावजी आधी पोचले. तेलकट हात पाठीमागे धरून ते आईंसमोर उभे राहिले. "तसं नाही गो आई. गाडी शहाणी आहे. तिच्या नाडीवर कोणीतरी हात ठेवलाय एवढंच ती सांगत होती. मीच तुला नीट विचारलं नाही." आणि लगेच, "चल, लुगडं नेस. आत्ताच्या आत्ता."

पदक त्यांनी काचेवरच्या आरशामागे बांधलं. तिथे वीज नाही, हे दोनदा तपासून.

पापडीहून नंदाखालपर्यंत भावजींनी गाडी अशी चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. पीटर घरी थांबले होते. आई या वेळी हट्टाने पुढे भावजींशेजारी बसल्या होत्या, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होत्या आणि मधूनच एक डोळा उघडून समोरच्या काचेखाली बघत होत्या. "लागला नाही ना रे?" "नाही आई."

क्लारा मावशी भिंतीकडे तोंड करून निजली होती. अगदी मूठभर झालेली. आई खाटेच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "क्लारे, पेज का खात नाहीस? माझ्यापेक्षा लहान आहेस, लाज वाटत नाही?"

मावशी वळली. मग म्हणाली, "तुला यायला एवढे दिवस लागले, तुला लाज वाटते का?" आणि दोघी रडायला लागल्या. रडता रडता मावशीने सुकेळ्याचा तुकडा तोंडात धरला. चावता येत नव्हता, पण सोडलाही नाही.

उन्हं कलली तसे भावजी दारात येऊन उभे राहिले. "आई, निघायचं ना? उजेडात पोचू."

आईंनी वाटीत चमचा फिरवत मागे न बघताच सांगितलं, "तुम्ही जा. मी राहते. हिला दोन वेळ भरवून बघते. रविवारी मिस्सा झाली की मला न्यायला ये."

"आणि तुझे कपडे?"

"क्लारीची लुगडी आहेत. जा आता, पेज निवते."

भावजी बाहेर आले. मला वाटलं हिरमुसले असतील. पण गाडीत बसल्यावर त्यांनी चावी फिरवली, दिवे गेलेले बघितले आणि मान डोलावून म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुढे येऊन बसा. रविवारपर्यंत ही सीट रिकामीच आहे." आणि परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी जरा पळवलीसुद्धा.