वर्लानं विचारलं तर बिघडलं कुठे?

माझी नणंद वर्ला टीडमन अमेरिकेतल्या आमच्या डॅव्हनपोर्ट गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर जड पातेली उचलत आली. शेवटी पाठ धरली, तेव्हा ती कायरोप्रॅक्टरकडे गेली. हातांनी मणके बसवणारे हे डॉक्टर आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत. मी सोबत होते.

टेबलावर पालथं पडण्याआधी तिनं विचारलं, "डॉक्टर, तो कडकन आवाज हाडाचा असतो का? आणि माझा डावा पाय बधिर पडतोय, तरी चालेल ना?"

तो तरुण डॉक्टर हसला. "आजी, डोकं चालवायचं काम माझं. तुम्ही नुसत्या सैल पडा."

वर्ला ताडकन उठली. "पाठ माझी आहे! खरबूज घेतानासुद्धा मी चार प्रश्न विचारते, आणि कणा तुझ्या हातात देताना गप्प बसू?"

माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही तडक बाहेर पडलो.

पुढच्या रस्त्यावर इर्मा क्लासेनबाई हेच काम करायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आवाज हाडाचा नाही, सांध्यातल्या वायूचा असतो. पण पाय बधिर पडतोय ना? मग मी हात लावणार नाही. आधी इस्पितळात जा."

मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला.

चालता येऊ लागल्यावर वर्ला त्या तरुणाच्या दवाखान्यात गेली आणि ताटकळत बसलेल्या लोकांना म्हणाली, "आत गेल्यावर विचारा रे बाबांनो. उत्तर मिळालं नाही, तर उठून या."

त्यातले दोघं तिथल्या तिथे उठले; त्यांनी आधीच विचारून पाहिलं होतं.