सहहिस्सेदारांची गाडी

"गाडी माझी. पण सहहिस्सेदार फार."

दारातल्या त्या चौकोनी, चिमुकल्या जुन्या गाडीबद्दल कोणी विचारलं की भाऊ हे वाक्य म्हणत आणि बॉनेटवर दोन थापा मारत. जोरात मारल्या तर काहीतरी गळून पडेल हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून थापा बेताच्याच असत.

आमच्या वाडीत सगळेच त्यांना भाऊ म्हणत. उभा जन्म रत्नागिरीच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेलेला. बांधाचे, पायवाटेचे, एकाच फणसाच्या डझनभर वाटेकऱ्यांचे दावे त्यांच्या हाताखालून गेले होते. परिणाम असा झाला की निवृत्तीनंतर जगातली कुठलीही वस्तू एकट्याच्या मालकीची असते यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्याकडे तर दगडी कुंपणाच्या गडग्यागणिक एक सापडतं. बाकीचे वकील गाठतात, भाऊंनी पाना हातात घेतला एवढाच फरक.

गाडीचे पुढचे शॉकअप चिपळूणच्या एका डॉक्टरांच्या गाडीचे होते, मागच्या स्प्रिंगा गणपतीपुळ्याच्या एका लॉजवाल्याच्या, आणि गिअरबॉक्स सावर्ड्याच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंचा. या मंडळींच्या गाड्या एकेक करून भंगारात निघाल्या तसतशी भाऊंनी त्यांची वाटणी करून घेतली. बोलताना मात्र ते त्या त्या भागाला मूळ मालकाच्याच नावाने हाक मारत.

"आज डॉक्टर फार कुरकुरतायत ओ, मास्तर," ते मला सांगत. मी शाळेत शिकवायचो, म्हणून मी मास्तर.

"आणि बाई?"

"बाई शिस्तीच्या. दुसरीत बसल्याशिवाय तिसरीत घालत नाहीत."

एकदा मी त्यांच्याबरोबर पावसला निघालो होतो. मागची बाजू प्रत्येक खड्ड्यात रस्त्याला टेकत होती. मी जीव मुठीत धरून बसलेलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "लॉजवाला बसलाय. हंगाम नाही ना." पावसला पोचेपर्यंत मला माझ्या स्वतःच्या मणक्यांचे सुटे भाग मिळतील का याची काळजी लागली होती.

वाडीला या गाडीचा मोठा विरंगुळा होता. ती चढावर बंद पडली की सल्ला द्यायला घरटी एक माणूस हजर. धक्का द्यायची वेळ आली की एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याची आंघोळ व्हायची राहिलेली. गाडी पुन्हा सुरू झाली की तेच लोक चेहरा पाडून घरात जात. दुसऱ्याचं चालू झालेलं आम्हा लोकांना सहसा बघवत नाही.

पण भाऊंची ही हौस नव्हती, गरज होती. वहिनी गेल्यावर डोंबिवलीच्या मुलाने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "एकटं राहायचं तर दारात चालती गाडी हवी. उद्या छातीत दुखलं तर कोण नेणार? गाडी बंद पडली की मी तुम्हाला घेऊन जाणार." मुलाचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. दरवर्षी गणपतीला तो यायचा तेव्हा भाऊंनी याच गाडीतून त्याला स्टेशनवरून आणायचं आणि आमचा चढ चढून दाखवायचा, अशी परीक्षाच ठरली होती.

"डोंबिवलीत वाईट काय आहे?" मी एकदा विचारलं.

"वाईट काही नाही. इथे मी गेलो तर चार माणसं गडग्यावरून डोकावतील. तिथे लिफ्टसुद्धा थांबायची नाही."

त्या वर्षी श्रावण संपत आला होता. भाऊंच्या पडवीत आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात भाट्याच्या बाजूचा एक मासेवाला आला. त्याच्याकडेही याच जातीची गाडी. बायकोला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सिव्हिलला न्यावं लागे, आणि त्याचा गिअरबॉक्स फुटला होता. दर वेळी दुसऱ्याची गाडी मागून तो थकला होता. नवीन मिळत नाही. गॅरेजवाल्याने भाऊंचं नाव सांगितलेलं.

"तुमच्याकडं जुनं सामान असतंय म्हनाले. एखादा गावला तं बघा, भाऊ."

भाऊंनी बशीतला चहा संपवला. "आहे एक. सुटाच पडलाय. संध्याकाळी गॅरेजात पोचेल, जा तू."

तो गेल्यावर मी भाऊंकडे वळलो. सुटा गिअरबॉक्स भाऊंकडे नव्हता हे मला माहीत होतं. जो होता तो गाडीत होता.

"भाऊ, गणपती तोंडावर आलेत. मुलगा येईल."

"माझं आजारपण अजून नुसतं संभाव्य आहे, मास्तर. तिचं प्रकरण चालू आहे. चालू प्रकरण आधी बोर्डावर येतं."

दुपारी गॅरेजवाला आला. जांभ्या दगडाच्या चार चिऱ्यांवर गाडी चढवली, बाईंना खाली उतरवलं आणि पोत्यात घालून रवाना केलं. कोणी कोणाला काही सांगायचं नाही, असं त्यालाही बजावलं.

मग भाऊंची धावाधाव सुरू झाली. चिपळूणहून एक गिअरबॉक्स आणला, तो पुरात बुडालेल्या गाडीचा निघाला. उघडला तर आत भात लावता आला असता. दुसरा कुठे मिळाला नाही. मुलगा स्टेशनवरून रिक्षाने आला तेव्हा गाडी धुऊनपुसून, हार घालून चिऱ्यांवर उभी होती.

"आणायला का नाही आलात?"

"घरात गणपती बसला की गाडी हलवायची नसते," भाऊ म्हणाले.

"गणपती तर उद्या आणायचाय, बाबा."

सगळी हयात इतरांच्या उलटतपासण्या ऐकलेला माणूस एका प्रश्नात गारद झाला. मला राहवेना, मी तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाले, "मास्तर, तुम्हाला समन्स नाही." मुलाला कळलं असतं तर त्याने मासेवाल्याकडे जाऊन गिअरबॉक्स परत मागितला असता, ही त्यांना भीती होती.

विसर्जन झालं आणि भाऊ मुलाबरोबर डोंबिवलीला गेले. रिक्षात बसताना त्यांनी चष्मा उगाचच दोनदा पुसला.

दिवाळीनंतर एका सकाळी मासेवाला भाऊंच्या दारात आला, हातात पापलेटांची पिशवी. बायको गाडीत बसली होती. चांगली दिसत होती. दाराला कुलूप बघून तो माझ्याकडे वळला.

"भाऊ कुठं गेले?"

"मुलाकडे. आता तिकडेच असतात."

"का? हितं काय झालं त्यांना?"

त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. चिऱ्यांवर उभी असलेली ती गाडी तो बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होता. पिशवी खाली ठेवून तो वाकला, गाडीखाली डोकावला, आणि गिअरबॉक्सच्या रिकाम्या जागेत त्याने हात घातला.

"मास्तर," तो गाडीखालूनच म्हणाला, "मला सुटा हाय म्हनून सांगितलानी."