वरणाचे पाच वाटे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, ते गेले. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. देवापुढं बसले तरी दुसरंच काहीतरी बोलून उठले. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शाळा चौथीपर्यंतची. जमेल तसं लिहिते.

दुष्काळाची वर्षं होती ती. लासूरजवळचं गाव सोडून आम्ही चिकलठाण्याला येऊन राहिलो होतो. दोन खोल्या, वर पत्रा. समोर ज्वारीच्या रानात इमारती उठत होत्या आणि आम्ही हंडे घेऊन टँकरमागं पळत होतो. घरात माणसं पाच. मी, नवरा, कंपनीत जाणारा थोरला दत्ता, धाकटा, आणि दत्ताची बायको सुरेखा. सुरेखाला पाचवा महिना होता. अंगात रक्त कमी आहे, असं दवाखान्यात म्हणाले, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

तिथूनच एक पोरगी घरी यायला लागली, अश्विनी नावाची. गरोदर बायकांचं खाणं बघायचं काम होतं तिचं. तिच्याकडं पाटीएवढा मोबाईल. स्वयंपाकात काय काय घातलं आणि जेवणारे किती, एवढं त्यात भरलं की तो सांगायचा — एका माणसाच्या पोटात किती ताकद गेली, रक्त वाढवणारं किती गेलं.

"आजी, भाजीत तेल किती?"

"अंदाजानं."

"याला अंदाज नाही कळत. चमचे सांगा."

"मग त्याला म्हणावं, जेवायलाच ये एकदा."

लई हसली ती. मग मी वाटीनं डाळ मोजून दाखवली, पीठ दाखवलं, मेथीची जुडी दाखवली, शेंगदाण्याची चटणी दाखवली. एक दाणासुद्धा खोटा सांगितला नाही. माझ्या हाताची परीक्षाच चाललीय, असं वाटत होतं मला.

"जेवणारे पाच. सगळ्यांना सारखंच ना, आजी?"

"व्हय," मी म्हणाले.

एवढंच. सुरेखा तिथंच पीठ मळत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं — हात परत चालायला लागला. मोबाईलनं पातेल्यातल्या वरणाचे पाच सारखे वाटे केले आणि हिरवी खूण दाखवली. दत्ता म्हणाला, "घ्या, आई पास झाली." मी पण हसले.

सारखं? आमच्या घरात? आधी पुरुष, मग मी, शेवटी सुरेखा. गावाकडं पाणी नव्हतं, त्यामुळं काम शोधत शहरात आलेलं कुणी ना कुणी आमच्या पंगतीला असायचंच. त्यांना वाढताना मी हात आखडला नाही. लोक नाव घ्यायचे माझं. पण ते वाढलेलं यायचं कुठून? शेवटच्या ताटातून. सुरेखा जेवायला बसायची तेव्हा पातेल्याच्या तळाला वरण लागलेलं असायचं. त्यात पाणी ओतायची, मीठ टाकायची. चटणी असली तर असली.

तिच्यासाठी एक वाटी आधीच काढून, झाकून ठेवायला काय लागत होतं? मी नाही ठेवली. दत्ताच्या वेळी मीही अशीच जेवले होते. मला कुणी काढून ठेवलं नाही, मग हिला का? असंच वाटायचं मला. हे कारण म्हणून सांगत नाही. जे वाटायचं ते लिहिलं.

पण सांगायचं ते एवढंच नाही. मी आपली बाजूबाजूनं फिरतेय.

सुरेखा आठव्यातच बाळंत झाली. मुलगी. दोन तळहातांत मावेल एवढी. दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अश्विनीनं भरलेलं सगळं त्यांनी बघितलं होतं. म्हणाल्या, "घरचं खाणं तर चांगलं दिसतंय. मग रक्त वाढलं का नाही? गोळ्या घेत होती का ती?"

दत्ता माझ्या शेजारी उभा होता. तेव्हा बोलायचं होतं — बाई, ते पाच वाटे खोटे आहेत, माझी सून खरकट्यावर जगली. मी काय म्हणाले? म्हणाले, "आम्ही देत होतो. खायची का फेकायची, कुणास ठाऊक."

बाई मान हलवून आत गेल्या. हाक मारता आली असती. दार उघडंच होतं. नाही मारली.

दत्ता कितीतरी दिवस बायकोशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "तू मारलीस तिला." सुरेखा रडली नाही. म्हणाली, "मी घेत होते हो गोळ्या. आईंना विचारा."

माझ्यावर भरवसा टाकला तिनं — माझ्यावर! दत्तानं विचारलं. मी म्हणाले, "मी काय तिच्या मागं मागं फिरत होते का?"

पुढं तिला मुलगा झाला. त्या वेळी पाचव्यातच माहेरी गेली आणि बाळ घेऊनच आली. तो आता शाळेत जातो. पण नवरा-बायकोचं वाजलं की दत्ता अजून तेच काढतो. परवा पोरासमोर काढलं. पोरगं म्हणालं, "मम्मी, तू खरंच फेकल्या होत्या का गोळ्या?"

मी तिथंच लसूण सोलत बसले होते. सुरेखानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीही मान वर केली नाही.

गोळ्या ती रोज घेत होती. पोटात काही नसायचं, मळमळायचं तिला, डोळ्याला पाणी यायचं, तरी तोंडावर पदर दाबून गिळायची. मी समोर बसून बघायचे.